तुझ्या सॅकमधल्या चार बाटल्या

वन्सं, काल नळाला पाणी आलं. तुला मातीत ठेवल्यानंतर पहिल्यांदाच.

‘आपला प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, आपला नळ मातुर चौथ्या दिवशी उठतो,’ असं तू म्हणायचीस. एकदा तर पाळकसाहेब ओट्यावर चहा पीत बसलेले असतानाच म्हणालीस आणि त्यांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. परवा तुझ्या पेटीवर मूठ मूठ माती टाकायला आम्ही रांगेत उभे होतो, समोर तेच पाळकसाहेब, आणि मला नेमका तो ठसका आठवला. हसू फुटलं. पदर तोंडावर धरला, तर लोकांना वाटलं म्हातारीचा धीर सुटला. चार जणी पाठीवरून हात फिरवायला धावल्या. त्यातली एक तर गळ्यातच पडली, तिची तिन्ही बाळंतपणं तू केलेली. मी पदराआड हसतच राहिले. रडू अजून आलेलं नाही, वन्सं. येईल. तेही चौथ्या दिवसाचंच असेल.

पोरं म्हणतात, आत्याआजीवर काहीतरी लिही, चर्चच्या मासिकात देऊ. जन्म, शिक्षण, नर्सची नोकरी, किती गावं पायी फिरलीस, किती बाळंतपणं केलीस. ते त्यांचं ते लिहितील. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही शेवटच्या चार दिवसांबद्दल. परदेशातल्या. तिथे आपण दोघींनी एक गोष्ट बोलायला हवी होती. ती तुलाही माहीत होती, मलाही. दोघी गप्प बसलो. आता तू कायमची गप्प झालीस, म्हणजे उरलेलं सगळं मलाच बोलावं लागणार. नेहमीप्रमाणे कामाला मी आणि आरामाला तू.

आधी या ‘तू’चं सांगते, नाहीतर वाचणारे म्हणतील, नणंदेला अगं-तुगं करते, मास्तरीण असून रीत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी तुला ‘वन्सं, तुम्ही’ म्हणत आले आणि तू मला ‘वहिनी, तुमी’. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नवऱ्याची बहीण, मान मोठा. विमानात बसल्यावर पट्टा लावता लावता तू म्हणालीस, ‘वहिनी, हितनं म्होरं अगं-तुगं. हितं कुनाला कळतंय?’ मी म्हटलं, चालेल. ‘मग जरा सरक की तिकडं. कोपर लागतंय तुझं,’ असं लगेच म्हणालीस. जसं काही अठ्ठेचाळीस वर्षं ते कोपर तुला लागतच होतं.

लागतच होतं म्हणा.

ही सगळी सहल त्या तुझ्या जुन्या पासपोर्टामुळे झाली. पुण्यात नोकरी करणारी माझी नात ग्रेसी नाताळात घरी आली, तिने तुझी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून तो काढला. आत तुझा फोटो, बावीस वर्षांची तू, कपाळ मोठं, डोळे फोटोवाल्यावर रागावलेले. बाकी सगळी पानं कोरी.

‘आत्याआजी, यावर एकसुद्धा शिक्का नाही!’

‘शिक्का मारायला गेले असते गं,’ तू म्हणालीस, ‘पन तवा तुझ्या आजीचं पोट पुढं आलं हुतं.’

ग्रेसी हसली. मी शेंगा निवडत होते, निवडतच राहिले.

त्या पोटाची गोष्ट तू कधी कुणाला सांगितली नाहीस, म्हणून मीच सांगते. तुला कुवेतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. मुंबईला जाऊन इंटरव्ह्यू देऊन आलीस, पासपोर्ट झाला, जायचा महिना ठरला. आणि घरात होती मी, चोवीस वर्षांची, सातवा महिना. त्या चोवीस वर्षांच्या भवानीला आज कुणी माझ्यासमोर उभं केलं तर मी ओळखसुद्धा देणार नाही. डी. एड. झालेली, एसटीतसुद्धा गॉगल लावून बसणारी, वर्गातल्या पोरांना धीटपणाचे धडे देणारी, आणि बाळंतपणाला मात्र इतकी भ्यालेली की सुईणीचं नाव काढलं तरी पांघरुणात शिरणारी. ‘वन्सं गेल्या तर मी मरणार,’ असं मी जाहीर केलं आणि अन्न सोडलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सासू हवालदिल, तुझा दादा हवालदिल. अन्न सोडलं होतं ते ताटातलं. फडताळातल्या डब्यात शेंगदाणे आणि गूळ होता, तो मी त्यागात धरला नव्हता. कुणी नसलं की मूठभर खायची आणि परत मरायला पडायची.

तिसऱ्या दिवशी तू माझ्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, ‘उठा वहिनी. न्हाई जात मी.’

एवढंच. पुढे पुन्हा तशी नोकरी चालून आली नाही. मग सासऱ्यांना अर्धांगवायू, मग सासू, मग माझी पुढची दोन पोरं. सगळ्यांचं केलंस. पासपोर्ट पेटीत गेला.

म्हणून ग्रेसी गेल्यावर मी तुला म्हटलं, ‘चला वन्सं, शिक्के मारून आणू.’ तू म्हणालीस, ‘येड लागलं का? ह्या वयात?’ आणि दुसऱ्याच दिवशी कर्जतला जाऊन नव्या पासपोर्टसाठी फोटो काढून आलीस. केसांना तेल लावून.

जायचं होतं कुवेतला, गेलो श्रीलंकेला, कारण ग्रेसी म्हणाली तिथे स्वस्त पडतं आणि भात मिळतो. तिनेच तिकिटं काढली, राहायच्या जागा ठरवल्या, दोन सॅक आणल्या, तुला निळी, मला लाल. चाकाची बॅग नको, तिथे डोंगरात चढ-उतार असतात, म्हणाली. स्टँडवर आपल्याला त्या अवतारात बघून चहावाल्याने विचारलं, ‘बाई, कुठं निघाल्या दोघी?’

‘पळून चाललोय,’ तू म्हणालीस. ‘हिचा नवरा मेला, माझा झालाच न्हाई. आता अडवतंय कोन?’

आता बाटल्यांकडे येते. टाळत होते, पण येते.

आपण ज्या गावात आयुष्य काढलं तिथे पाणी दिसलं की भरायचं, हे श्वास घेण्यासारखं आहे. नळ आला की हंडा, कळशी, बादली, तपेली, शेवटी तांब्या आणि वाटीसुद्धा. तिथे कँडीला पहिल्या संध्याकाळी आपण खोलीतला नळ सोडला, पाणी आलं, आणि दोघींनी एक शब्दही न बोलता न्हाणीतल्या दोन्ही बादल्या भरल्या, मग चहाची किटली, मग कचऱ्याचा डबा धुऊन तोही. मालकीणबाई चादरी द्यायला आली आणि दारातच थबकली. तिला वाटलं नळ बिघडलाय, पाणी थांबत-येत असणार, म्हणून या बिचाऱ्या साठवतायत. तासाभरात प्लंबर हजर! त्याने नळ सोडला, बंद केला, सोडला, बंद केला, आणि आपल्याकडे असा काही बघायला लागला की तू मला म्हणालीस, ‘सांग त्याला, नळ चांगला हाय. बायका बिघडल्यात.’

तरी सवय गेली नाही. बाहेर रोज पाऊस पडत होता, रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं, आणि मी रोज संध्याकाळी आठ बाटल्या भरत होते. लिटरच्या. चार माझ्या सॅकमध्ये, चार तुझ्या. वाटेत पाणी मिळालं नाही तर? तू एकदा म्हणालीस, ‘दोन पुरतील की.’ मी म्हटलं, ‘लहान आहेस ना माझ्यापेक्षा? उचल.’ सत्तरीला टेकलेल्या बाईच्या पाठीवर मी चार किलो पाणी चढवलं, पाण्याच्या देशात. चोवीस वर्षांच्या त्या बाईला मी नावं ठेवते, पण ही एकाहत्तर वर्षांची काही कमी नव्हती.

मग ते शेवटचे चार दिवस.

एल्ला नावाच्या त्या डोंगरातल्या गावी एक छोटी टेकडी होती, शाळेतली पोरंसुद्धा उड्या मारत चढत होती. तू निम्म्यावर एका दगडावर बसलीस. ‘तू जा वर. मी हितं सामान राखते.’ सामान कसलं, दोन छत्र्या. मी थांबले. तू बूट काढलेस, मोज्याचा वळ पोटरीभोवती इतका खोल रुतला होता की दोरा बांधल्यासारखा. तुझा बूट परत चढवायला मी खाली बसले आणि माझा अंगठा तुझ्या नडगीवर टेकला. उचलला. खड्डा राहिला.

हे तूच मला शिकवलं होतंस. त्याच सातव्या महिन्यात. ‘नडगीवर अंगठा दाबायचा न् सोडायचा. खड्डा भरून आला तर बरं. राहिला, तर अंगात पानी धरलंय, मला लगीच सांगायचं.’ गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला तू हे शिकवलंस. वर हसायचीस, ‘धरनात पानी न्हाई न् बायांच्या पायात हाय.’ तू आदल्या तीन पहाटे मला भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपलेली दिसली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, गादी मऊ आहे, पाठ दुखते. आडवं झालं की दम लागतो म्हणून माणूस बसून झोपतं, म्हणजे हृदय थकलंय, हे चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला कुणी सांगायला पाहिजे का?

आपण दोघी त्या खड्ड्याकडे बघत होतो. तू मोजा वर ओढलास आणि एकदम म्हणालीस, ‘तुला एक सांगू का? तू तवा अन्न सोडलं हुतं ना, तवा शेंगदाने खात हुतीस.’

मी चपापले. ‘तुला काय माहीत?’

‘मला न्हाई तर कुनाला? दोन्ही सकाळी डबा कोन भरीत हुतं मग? तुला वाटलं, शेंगदाने आपोआप येतात?’

वन्सं, अठ्ठेचाळीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी मूठ मूठ खात होते आणि डबा कमी होत नव्हता, हे त्या गॉगलवाल्या शहाणीच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं!

‘मग बोलली का नाहीस? सासूबाईंना सांगायचं होतंस. हट्ट मोडला असता. तू गेली असतीस कुवेतला.’

तू पोरांच्या उड्या बघत बसलीस. ‘सांगितलं असतं तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती घरात. न् भ्याली तर तू खरीच हुतीस. पोटातलं उपाशी राहू नये म्हनून भरला डबा.’ मग म्हणालीस, ‘चल. वर न्हाई जात आता. खाली च्या पिऊ.’

आज मला वाटतं, ती गोष्ट तू तेव्हाच का काढलीस? खड्ड्यावरून माझं लक्ष उडावं म्हणून? की मला काही सुचवत होतीस?

दुसऱ्या दिवशी आपण बसने समुद्राकडे निघालो. तंगाल्लेला. कंडक्टर सामान ड्रायव्हरजवळ रचत होता, तू तिकिटाच्या खटपटीत, म्हणून तुझी सॅक मी उचलली. आणि तोल जाऊन मागे आले. जड म्हणून जोर लावला होता, ती कापसासारखी हलकी. मी हळूच चेन उघडली. चारही बाटल्या होत्या. रिकाम्या. झाकणं घट्ट लावलेली.

तू त्या रोज सकाळी ओतून देत होतीस. किती दिवसांपासून, देव जाणे.

बसमध्ये चार-पाच तास मी एकच वाक्य जुळवत होते. ‘वन्सं, बास झालं. घरी जाऊ.’ फोन हातात होता. ग्रेसीला सांगितलं असतं तर तिने त्याच संध्याकाळचं तिकीट काढलं असतं. समोर काचेवर बुद्धाच्या चित्राभोवती दिवे लुकलुकत होते, गाणी जोरात, आणि तू खिडकीत कपाळ टेकवून बसलेलीस. वाक्य तोंडाशी आलं तेवढ्यात तू म्हणालीस, ‘इंटरव्ह्यूला मुंबईला गेल्ते, तवा समुद्र बशीतनं लांबनं बघितला हुता. उतरायला येळच न्हवता. उद्या पायानं बघायचा.’

मी फोन पर्समध्ये टाकला.

तंगाल्लेच्या खोलीत तू अंघोळीला गेलीस आणि मी आठ बाटल्या घेऊन बाहेरच्या नळापाशी बसले. माझ्या चार भरल्या. तुझ्या चार हातात घेतल्या. भरल्या नसत्या, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग बोलावं लागलं असतं, आणि बोललो असतो तर समुद्र गेला असता, जसं कुवेत गेलं. दुसऱ्यांदाही माझ्यामुळेच. आणि मला तो शेंगदाण्यांचा डबा आठवला. तू जाणूनबुजून भरत राहिलीस, माझी लाज झाकायला. मला वाटलं, आता माझी पाळी आहे.

भरल्या. सॅकमध्ये ठेवल्या.

सकाळी मी पांघरूण घडी करत होते आणि न्हाणीतून आवाज आला. घळघळ, घळघळ. चारदा. मी घडी मोडून परत घातली. तू बाहेर आलीस, सॅक पाठीला लावलीस आणि कंबर धरून म्हणालीस, ‘आई गं! काय गं बाई, पान्याच्या नावाखाली दगडं भरलीस का?’

शाळेच्या गॅदरिंगला तुला एकदा नाटकात घेतलं होतं ना, तेव्हाही तू असंच वाईट काम केलं होतंस. मी म्हटलं, ‘लहान आहेस ना? उचल.’

आणि दोघी निघालो समुद्राला.

तू गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस. पंजाबी ड्रेसची सलवार वर खोचलेली, सुजलेले पाय पाण्याखाली गेल्यामुळे कुणाला दिसत नव्हते, मलाही नाही. लाट आली की तू माझा हात दाबायचीस, दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी. तुझे ओठ निळसर होते. तू हसत होतीस. मी इतकी वर्षं तुझं हसणं ऐकलं, पण ते नेहमी कुणाची तरी फिरकी घेत असायचं, बहुतेक माझी. हे नुसतंच होतं. ते बघितलं याबद्दल मी देवाचे आभार मानते, आणि त्याच श्वासात मला माझ्या कानाखाली मारावीशी वाटते.

मग तू म्हणालीस, ‘एवढं पानी. न् आपन बाटल्या भरतोय.’

आणि माझ्याकडे बघितलंस. लाटेकडे नाही, माझ्याकडे. एक लाट आली, गेली, तरी बघत होतीस.

तेव्हा बोलायचं होतं, वन्सं. आता कळतं. समुद्र बघून झाला होता, कुवेतची भरपाई म्हणा काय म्हणा, ती झाली होती. दोन दिवस हातात होते. मी म्हणायला हवं होतं, ‘मला माहीत आहे तू ओततेस. मला पाय दिसलेत. चल.’ आणि पोरांना धीटपणाचे धडे देणारी ही मास्तरीण काय म्हणाली? ‘खारट आहे. पिता येत नाही.’

तू मान हलवलीस. ‘व्हय. ते बी खरंच.’

त्या संध्याकाळी मी परत भरल्या. सकाळी तू परत ओतल्यास. शेवटचा दिवस होता, तरीही. आपण दोघी इतक्या नेमाने ते काम करत होतो की तिसऱ्या कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं ही आपली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आहे.

कोलंबोच्या विमानतळावर तुझी सॅक यंत्रातून गेली आणि तिथल्या वर्दीतल्या मुलीने ती उघडली. पाणी न्यायचं नाही म्हणतात आत. तिने एक एक करून चारही बाटल्या बाहेर काढल्या, उलट्या करून बघितल्या आणि ट्रेमध्ये मांडल्या. रिकाम्या. तू या बाजूला, मी त्या बाजूला, मध्ये ट्रे. तू माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या सँडलच्या पट्ट्याकडे बघितलं. माझ्या भरलेल्या बाटल्या दुसऱ्या मुलाने पिंपात टाकून दिल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. एरवी सांडलेल्या तांब्यावरून मी घर डोक्यावर घेते.

‘घेऊ का ह्या परत?’ तू विचारलंस.

‘घे. प्लास्टिक चांगलं आहे,’ मी म्हटलं.

विमानात तू खिडकीशी बसून झोपलीस. बसूनच झोपायचं असतं तिथे, त्यामुळे तुला कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर सहा दिवस तू ओट्यावर बसून येईल त्याला शिक्का दाखवत होतीस. तिकडचे दोन शिक्के, उतरतानाचा न् निघतानाचा. दवाखान्याचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. सातव्या दिवशी दुपारी भाकरी थापता थापता परातीवर ओणवी झालीस. नगरला नेलं. तोंडावर मास्क, छातीला वायरी, आणि ती नर्स पोरगी सलाईन लावताना शीर सापडेना तर तू मास्कमधूनच तिला ओरडत होतीस, ‘अगं, वरनं बघ, वरनं.’ सापडली तिला. लाजली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझे पाय चेपत होते. चेपत नव्हते, अंगठा कुठे टेकू नये म्हणून नुसता हात फिरवत होते. तू मास्क बाजूला केलास. घरी आल्यापासून तू परत ‘तुमी’वर गेली होतीस, ते मला टोचत होतं. म्हणालीस, ‘वहिनी, तुमी रोज भरीत राहिल्या. म्हनून मी चालत राहिले.’

मी विचारलं, ‘म्हणजे?’

तेवढ्यात ती पोरगी आली, मास्क लावला, बोलू नका म्हणाली. तू तिचं ऐकलंस. नर्सचं ऐकायचं हे तू आयुष्यभर लोकांना सांगत आलीस. त्यानंतर एक दिवस होतीस, पण शब्द नाही.

म्हणजे काय, वन्सं? मी भरत राहिले म्हणून तुला समुद्र मिळाला, असं? की मी भरणं थांबवेन, काहीतरी बोलेन, याची तू रोज सकाळी वाट बघत होतीस आणि मी बोलले नाही म्हणून तुला चालावं लागलं? आभार होते की तक्रार? मास्कमुळे तुझा चेहरा निम्माच दिसत होता. डोळे हसत होते असं मला एका क्षणी वाटतं. दुसऱ्या क्षणी वाटतं, ते फोटोतले डोळे होते, पासपोर्टातले.

डॉक्टरला विचारलं मी. ‘दहा दिवस आधी आणलं असतं तर?’ त्याने फाईल चाळली, पेनचं टोपण लावलं. ‘आजी, असे प्रश्न विचारू नका,’ म्हणाला. हे उत्तर मीही वर्गात फार दिलंय. उत्तर येत असलं आणि द्यायचं नसलं की देतात.

शेंगदाण्यांचा डबा तू भरलास आणि माझा हट्ट जगला, तुझं कुवेत गेलं. बाटल्या मी भरल्या आणि तुझा हट्ट जगला, तू गेलीस. दोन्ही वेळेला भरायचं काम प्रेमाने झालं आणि दोन्ही वेळेला नुकसान तुझंच. ग्रेसीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘आजी, आत्याआजी स्वतः नर्स होती. तिला सगळं कळत होतं. तिने ठरवलं.’ पोरगी समजूतदार आहे. पण ती चोवीस वर्षांची आहे, आणि त्या वयाच्या बायकांच्या शहाणपणावर माझा विश्वास नाही, कारण तुला माहीत आहे.

काल संध्याकाळी पाणी आलं. मी उठले. हंडा भरला, कळशी भरली, बादल्या, तपेली, तुझा तांब्या. सून म्हणाली, ‘आई, बसा, मी भरते.’ मी बसले नाही. सगळं झाल्यावर दारामागच्या खुंटीवरून तुझी निळी सॅक काढली. चार बाटल्या होत्या, कोलंबोच्या मुलीने मांडल्या तशाच कोरड्या. एक एक नळाखाली धरली. गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, सॅकमध्ये ठेवली. सून बघत होती, काही बोलली नाही. या घरात न बोलायची रीत तिनेही उचललेली दिसते.

आज सकाळी मी पांघरूण घडी केलं. सावकाश केलं. मोडून परत केलं. न्हाणीकडे कान देऊन बसले.

मग उठून सॅक उचलून बघितली.

जड आहे, वन्सं.